गळ डेन्व्हरचा, काठी वेहाईची

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात तुल्सा नावाचं तेलवाल्यांचं शहर आहे. तिथे १९३२ साली ‘झीरो अवर बॉम्ब कंपनी’ निघाली. तेलविहिरीच्या तळाशी सुरुंग उडवायला घड्याळ लावलेले बॉम्ब लागत, ते ही कंपनी बनवी. चाळीसचं दशक सरत आलं तशी बॉम्बच्या पेटंटची मुदतही संपत आली आणि मालकांना दुसरा धंदा शोधणं भाग पडलं. त्याच सुमारास टेक्ससचा आर. डी. हल नावाचा एक घड्याळजी त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला मासे गरवायचा नाद होता आणि रिळावर दोरा गुंतायचा वैताग. वाण्याच्या दुकानात पुडा बांधताना सुतळी गुंड्याच्या एका टोकाकडून सरसर सुटते आणि गुंडा मात्र जागचा हलत नाही, हे त्याने पाहून ठेवलं होतं. त्याच युक्तीने त्याने रीळ बनवलं. चकती स्थिर, दोरा टोकाकडून सुटणारा आणि वरून झाकण. १९४९ साली ते बाजारात आलं, १९५४ साली त्याचं ‘३३’ हे मॉडेल आलं आणि कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं ‘झेब्को’ हे नाव अमेरिकेत घरोघर गेलं. अध्यक्ष आयसेनहॉवर यांना भेट म्हणून पाठवलेल्या खोक्यावर ‘बॉम्ब कंपनी’ हे शब्द पाहून सुरक्षारक्षकांनी ते आधी पाण्यात बुडवलं, अशी आख्यायिका आजही सांगतात.

अमेरिकेतल्या कितीतरी मुलांनी आयुष्यातला पहिला मासा याच रिळावर ओढला. बोटाने एक बटण दाबायचं, काठी फिरवायची आणि बटण सोडायचं, की दोरा पाण्यात. शिकवायला कुणी लागत नाही. १९५४ साली या रिळाची किंमत वीस डॉलरच्या आसपास होती. आजही ते पंचवीस-तीस डॉलरला मिळतं. मधल्या सत्तर वर्षांत डॉलरची खरेदीशक्ती दहाव्या हिश्श्यावर आली, हे लक्षात घेतलं तर या किमतीचा अर्थ कळतो. २०००च्या सुमारास झेब्कोचं उत्पादन चीनला गेलं. २००१ साली कंपनी जॉर्जियातल्या डब्ल्यू. सी. ब्रॅडली या घराण्याच्या उद्योगाकडे आली. नाव तेच आहे आणि कचेरीही तुल्सातच आहे. रीळ जोडणारे हात मात्र बदलले.

अमेरिकेत सोळा वर्षांवरचे सुमारे चार कोटी लोक वर्षातून एकदा तरी गळ टाकायला पाण्यावर जातात, असं २०२२ सालच्या सरकारी पाहणीत आढळलं. आपल्याकडे खाडीच्या धक्क्यावर कुणी गरवायला बसतो, तोच हा छंद, पण तिथे त्याच्याभोवती अब्जावधी डॉलरची बाजारपेठ उभी आहे. ‘देशी माल घ्या’ हा आग्रहही या छंदाच्या मंडळींत मोठा. आजोबांचं रीळ फिलाडेल्फियाचं होतं, गळ डेन्व्हरचा होता, मग माझं सामान चीनचं का, असा सवाल ते दुकानात उभं राहून करतात. सवाल रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधायला गेलं की ‘देशी’ म्हणजे नेमकं काय, इथूनच गाडी अडते.

कलकत्त्याहून गेलेला बांबू

अमेरिकी मासेमारीचं सर्वांत अभिमानाचं सामान म्हणजे चिरलेल्या बांबूची काठी. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून, सरसाने जोडून षट्कोनी काठी बनवायची, ही ती कला. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युअल फिलिपी या बंदूक-कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत ती रुजवली. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने पट्ट्या तासायचं यंत्र करून या काठ्या मोठ्या संख्येने विकायला काढल्या. आज या जुन्या काठ्या संग्राहकांच्या कपाटात असतात आणि अस्सल अमेरिकी कारागिरीचा नमुना म्हणून मिरवतात.

त्यातला बांबू होता हिंदुस्थानचा. कलकत्ता बंदरातून निघे म्हणून तिकडच्या व्यापाऱ्यांनी त्याचं नाव ‘कॅलकटा केन’ ठेवलं होतं. त्यावर भाजल्याचे काळे डाग असत आणि जाणकार त्या डागांवरून काठी ओळखत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची जागा ‘टोंकिन’ बांबूने घेतली. हा बांबू येई चीनच्या क्वांगतुंग प्रांतातून. त्याचे तंतू अधिक दाट, म्हणून काठी अधिक चिवट. म्हणजे ज्या काळाला अमेरिकी माणूस ‘सगळं आपलंच होतं’ असं म्हणतो, त्या काळातही त्याच्या हातातली काठी आधी हिंदुस्थानची आणि मग चीनची होती.

ही साखळी तुटली ती राजकारणाने. कोरियाच्या युद्धात चीन समोर उभा ठाकला आणि डिसेंबर १९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली. ती उठली १९७१ साली. वीस वर्षं टोंकिन बांबू आलाच नाही. जुन्या साठ्यावर काही कारागीर तगले, बाकीचे संपले. ती पोकळी फायबरग्लासने भरून काढली. शेक्सपिअर कंपनीने चाळीसच्या दशकातच काचतंतूची काठी काढली होती. बंदीच्या काळात तिचं नशीब फळफळलं. सत्तरच्या दशकात कार्बनतंतू आला आणि फायबरग्लासही मागे पडला. कार्बनतंतूच्या धंद्यात मोठं नाव जपानच्या तोरे कंपनीचं. काठीवर दोरा ज्या कड्यांतून जातो त्या कड्यांसाठी मासेमार नाव घेतात तेही जपानच्याच फुजीचं. मुठीचं बूच पोर्तुगालचं. अमेरिकेतल्या कारखान्यात आज काठी बनते तेव्हाही तिच्यात तीन देश असतात.

लेबलावरची बारीक अक्षरं

कायद्याने हा गुंता सोडवायचा प्रयत्न केला आहे. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाचा नियम असा, की कोणत्याही विशेषणाविना ‘मेड इन यूएसए’ लिहायचं असेल तर माल ‘सगळा किंवा जवळजवळ सगळा’ अमेरिकेत बनलेला हवा. २०२१ साली या नियमाला दंडाची धार आली आणि २०२४ साली घरसामान विकणाऱ्या विल्यम्स-सोनोमा या कंपनीला खोट्या लेबलांपायी सुमारे ३२ लाख डॉलर भरावे लागले. म्हणून शहाणे उत्पादक जपून लिहितात. ‘देशी व आयात भागांपासून अमेरिकेत बनवलेलं’ असं लांबलचक वाक्य काठीच्या बुडाशी दिसलं तर समजावं, की लिहिणारा प्रामाणिक आहे.

लेबल मात्र मालकाबद्दल काही सांगत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या वुडलंडमध्ये जी. लूमिस या नावाने उंची काठ्या बनतात. तिथले कामगार अमेरिकी, कारखाना अमेरिकी, पण १९९७ पासून मालक जपानची शिमानो. उलट झेब्कोचा मालक अमेरिकी आणि माल चिनी. तिसरी तऱ्हा मेप्सची. पाण्यात गरगर फिरून माशाला भुलवणारी ही पितळी पाकळी १९३८ साली फ्रान्समध्ये जन्मली. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या एका सैनिकाने ती विस्कॉन्सिनमधल्या ॲंटिगो गावच्या टॉड शेल्डन या दुकानदाराला दिली. शेल्डनला तिने मोठे मासे मिळवून दिले. मग त्याला हा माल पुरवू लागली एक फ्रेंच बाई, आणि मोबदल्यात ती घेई नायलॉनचे पायमोजे. आज त्या गावात या पाकळ्या जोडल्या जातात आणि गळाला बांधायचे केस म्हणून शिकाऱ्यांकडून खारीच्या शेपट्या विकत घेतल्या जातात. फ्रेंच नाव, फ्रेंच कल्पना आणि विस्कॉन्सिनच्या खारी. याला देशी म्हणायचं की विदेशी?

त्याच विस्कॉन्सिनमध्ये उत्तरेला पार्क फॉल्स हे अडीच हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव आहे. तिथे सेंट क्रॉय ही काठ्या बनवणारी कंपनी आहे. ती १९४८ साली निघाली आणि १९७७ पासून एकाच घराण्याकडे आहे. गावातली कागद गिरणी बंद पडली, काठ्यांचा कारखाना टिकला. तो कसा टिकला, हे पाहण्यासारखं आहे. कंपनीने दुसरा कारखाना मेक्सिकोत फ्रेस्नियो इथे काढला. उंची काठ्या गावात आणि बेताच्या किमतीच्या काठ्या मेक्सिकोत, अशी विभागणी केली. काठीला कडी दोऱ्याने गुंडाळून बसवायची, वर रोगणाचा हात द्यायचा, तो सुकेपर्यंत काठी फिरती ठेवायची, हे सगळं हाताचं काम. शंभर डॉलरच्या काठीला अमेरिकी मजुरी परवडत नाही, चारशे डॉलरच्या काठीला परवडते. देशाभिमानी गिऱ्हाइकाला ही तडजोड बोचते, पण गावातल्या पगारपत्रकाला तिचा टेकू आहे.

स्वस्त काठ्या आणि रिळांचा खरा पाट वाहतो तो चीनच्या शानतुंग प्रांतातल्या वेहाईतून. पिवळ्या समुद्राच्या काठावर, कोरियासमोर हे शहर आहे. जपानी आणि कोरियाई कंपन्यांसाठी माल करता करता तिथे कारखान्यांची रांगच उभी राहिली. कार्बनचं कापड कापणारे, नळ्या भट्टीत भाजणारे, कड्या बांधणारे, रंग देणारे असे सगळे एकाच शहरात. वेहाईच्या स्वस्ताईचं कारण फक्त मजुरी असतं तर ती स्वस्ताई केव्हाच व्हिएतनामला गेली असती. तिथे आता कसब साठलं आहे, आणि अमेरिकेच्या हातून निसटलंय तेही कसबच.

डेन्व्हरचा गळ

सगळंच निसटलं असं मात्र नाही. कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात राइट अँड मॅकगिल ही १९२५ साली निघालेली कंपनी ‘ईगल क्लॉ’ या नावाचे गळ बनवते. गरुडाच्या नखीचा बाक पाहून गळाला तसाच बाक द्यायची कल्पना सुचली, असं संस्थापकांबद्दल सांगतात. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर गळ बनवणारं हे आज जवळपास एकमेव घर. त्याच नावाच्या बहुतेक काठ्या आणि रिळं मात्र बाहेरून बनून येतात.

गळ टिकला आणि रीळ गेलं, असं का झालं? गळ दिसतो साधा, पण त्याची तार कापली जाते, टोकाला धार लागते, काटा उचलला जातो, बाक दिला जातो, डोळा वळवला जातो. मग तो भट्टीत कडक होतो, पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढला जातो आणि शेवटी मुलामा चढतो. कडक करताना थोडं अधिक झालं तर गळ माशाच्या जबड्यात तुटतो, थोडं कमी झालं तर उलगडतो. यातलं जवळपास सगळं काम यंत्रं करतात, माणसाने यंत्र ओळखायचं असतं. मजुरीचा वाटा कमी म्हणून डेन्व्हरला चीनशी झुंजता येतं. रिळात डझनावारी बारीक भाग हाताने जोडावे लागतात, तिथे ते जमत नाही.

पण यंत्र असलं म्हणजे धंदा कायमचा टिकतो असंही नाही. इंग्लंडमधलं रेडिच हे गाव एकेकाळी सुया आणि गळ यांची राजधानी होतं. तिथलं ऑलकॉक घराणं १८०३ पासून या धंद्यात. तिकडे नॉर्वेत मुस्ताडच्या कारखान्यात माथियास टॉप या कारागिराने १८७७ साली गळ बनवायचं यंत्र सिद्ध केलं. एका बाजूने तार घातली की दुसऱ्या बाजूने गळ बाहेर. हातकामावर उभं असलेलं रेडिच पुढच्या शंभर वर्षांत हळूहळू विझलं. आज तिथे सुयांचं संग्रहालय आहे. आणि रेडिचला मागे टाकणाऱ्या मुस्ताडनेही पुढे आपलं उत्पादन आशियात हलवलं.

या झुंजीत सरकारी जकातीने मदत होते, असं पुष्कळांना वाटतं. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावरची जकात १४५ टक्क्यांवर नेली आणि मे महिन्यात ती ३० टक्क्यांवर आणली. महिन्याभरात एवढी उलथापालथ झाली तर पुढच्या हंगामाची मागणी कुणी कशाच्या भरवशावर नोंदवायची? शिवाय २०१८ साली आयात पोलादावर २५ टक्के जकात बसली, जून २०२५ मध्ये ती ५० टक्के झाली. पोलाद महागलं की तार महागते, आणि तार हाच गळाचा कच्चा माल. तयार चिनी गळावर जकात लावून देशी गळाला जो हात दिला, तोच पोलादाच्या जकातीने काढून घेतला. कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. रोज बदलणाऱ्या जकातीवर विसंबून कुणी तो उभारत नाही.

दहा टक्क्यांची गोष्ट

या बाजारातली मला सर्वांत शहाणी वाटलेली गोष्ट जकात नाही, एक जुना कर आहे. १९५० साली अमेरिकेत डिंगेल-जॉन्सन कायदा झाला. त्यानुसार मासेमारीच्या बहुतेक सामानावर दहा टक्के उत्पादन कर बसतो. तो भरतो उत्पादक, आणि माल बाहेरचा असेल तर आयातदार. पैसा सरकारच्या सामान्य तिजोरीत विरघळत नाही. तो माशांसाठीच राखून ठेवलेला असतो आणि राज्यांना वाटला जातो. वाटणीचा चाळीस टक्के हिस्सा राज्याच्या क्षेत्रफळावर आणि साठ टक्के परवानाधारक मासेमारांच्या संख्येवर ठरतो. त्यातून बीजोत्पादन केंद्रं चालतात, तळ्यांवर उतरायला धक्के बांधले जातात, माशांची गणती होते. १९८४ साली कायदा रुंदावून त्यात नौकांच्या इंधनावरचा करही जोडला गेला.

याचा अर्थ असा, की विस्कॉन्सिनच्या मुलाने वेहाईची काठी घेतली तरी तिच्यातला काही अंश विस्कॉन्सिनच्याच पाण्यात परत येतो. काठी कुठल्याही देशाची असो, मासा तर इथलाच असतो, हे त्या कायद्याने ओळखलं. आपल्याकडे गळ-दोऱ्यावर वस्तू-सेवा कर लागतो, पण त्यातून अमुक नदीतल्या माशासाठी एवढे रुपये, असा हिशेब कुणी मांडत नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरने सत्तरच्या दशकापासून महसीर माशाची पैदास चालवली आहे. ती एका कंपनीने स्वतःहून उचललेली जबाबदारी आहे. गळ विकत घेणाऱ्याचा पैसा तिथे पोहोचवणारी वाट आपण बांधलेली नाही.

सुटा भाग कुठे मिळतो

फिलाडेल्फियात ऑटो हेन्झे या जर्मन स्थलांतरिताने १९३२ साली पेन ही रिळांची कंपनी काढली. तिचं १९३६ सालचं ‘सेनेटर’ हे समुद्री रीळ मासेमारांत फार नावाजलेलं. पेनच्या रिळांचं वैशिष्ट्य असं, की प्रत्येक भागाला क्रमांक, खोक्यात भागांचा नकाशा आणि रीळ खोलायचा पाना. वडिलांच्या रिळातला दात झिजला तर मुलगा क्रमांक सांगून नवा दात मागवतो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो बसवतो. बंदराजवळच्या दुकानांत अशी पन्नास वर्षांची रिळं दुरुस्तीला येतात आणि परत समुद्रावर जातात.

कंपनीचं स्वतःचं नशीब एवढं स्थिर नव्हतं. २००७ साली जार्डन या उद्योगसमूहाने मासेमारीच्या धंद्यात मोठी खरेदी केली, २०१६ साली जार्डनच न्यूवेल या कंपनीने गिळला आणि २०१८ साली न्यूवेलने मासेमारीचा सारा विभाग सायकामोर पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीला विकला. पेनही या मालकांच्या हातांतून फिरत गेली. अशा मालकाला रीळ म्हणजे ताळेबंदातली एक ओळ. कुठला माल कुठे बनवायचा याचा निर्णय आता समुद्र न पाहणारी माणसं घेतात. तरीही जुन्या रिळांचे क्रमांक आणि नकाशे लोकांच्या हातात राहिले, म्हणून ती रिळं चालू आहेत. मालक बदलला तरी दुरुस्तीचं ज्ञान गिऱ्हाइकाकडेच उरलं.

इथे ‘देशी की विदेशी’ या वादाला दुसरी बाजू दिसते. ज्याची स्प्रिंग तुटली की अख्खं रीळ फेकावं लागतं, ते आपल्या गावात बनलेलं असलं तरी परकंच. ज्याचा भाग मिळतो आणि जे उघडता येतं, ते सातासमुद्रापलीकडे बनलेलं असलं तरी हळूहळू आपलं होतं. अर्थात भाग मिळण्याची शक्यता कारखाना जवळ असला की वाढते, आणि देशी मालाचा खरा फायदा मला तिथेच दिसतो.

नॉर्वेचा गळ, वाईचं जाळं

मराठी माणसाला स्वदेशी शिकवायला अमेरिकेची गरज नाही. लोकमान्यांच्या काळात पैसापैसा गोळा करून १९०८ साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. तिथे ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखा, परदेशात काचविद्या शिकून आलेला माणूस होता आणि त्या कारखान्यात शिकलेले कारागीर पुढे इतरत्र गेले. कंदिलाच्या चिमण्या किती विकल्या याचा हिशेब आज कुणाला नको, पण देशात काच करणारी माणसं तयार झाली ही त्या चळवळीची खरी कमाई.

आपल्या किनाऱ्यावर तोच हिशेब लावून पाहा. एकेकाळी कोळीवाड्यात सुताची, तागाची जाळी घरोघर विणली जात, सालींच्या काढ्यात बुडवून टिकवली जात. नायलॉन आलं आणि विणकाम कारखान्यात गेलं. दोरीची जागा नायलॉनच्या तंगूसने घेतली. गळ म्हणाल तर नॉर्वेच्या मुस्ताडचं नाव आपल्याकडच्या मच्छीमारांनाही नवं नाही. कुणी याला परावलंबन म्हणेल. पण वाईला, कृष्णेच्या काठी, आज ‘गरवारे टेक्निकल फायबर्स’ या नावाने चालणाऱ्या कंपनीचा कारखाना आहे. तिथे विणलेली जाळी नॉर्वेच्या समुद्रात सामन मासे पाळायच्या पिंजऱ्यांना लागतात. नॉर्वेचा गळ कोकणात आणि वाईचं जाळं नॉर्वेत. या व्यवहारात कुणी कुणाचा गुलाम नाही, कारण दोन्हीकडे आपापलं कसब शाबूत आहे.

म्हणून ‘देशी घ्या’ या आग्रहाला माझा विरोध नाही, त्याला फक्त पत्ता हवा. अमेरिकी मासेमाराने डेन्व्हरचा गळ जरूर घ्यावा, कारण तो गळ तिथे बनणं थांबलं तर ते यंत्र ओळखणारी माणसं पुन्हा घडवायला दोन पिढ्या लागतील. पार्क फॉल्सची काठी ऐपत असेल त्याने घ्यावी, आणि नसेल त्याने मुलाला चिनी रीळ देताना अपराधी वाटून घेऊ नये. त्या मुलाला पाण्याची गोडी लागली तर उद्या तोच चांगलं सामान मागेल. झेंड्याचं चित्र पाहून मात्र कुणीच काही घेऊ नये.

आपल्याकडे हा छंद आता वाढतो आहे. धरणांच्या काठी, खाड्यांवर, पुलांवर रीळवाल्या काठ्या दिसू लागल्या आहेत आणि बहुतेक माल मोबाइलवर मागवलेला असतो. अशी काठी किंवा रीळ घ्यायला निघालात तर कुठल्या देशाचं, हे नंतर विचारा. आधी विचारा, की हे मोडलं तर उघडेल कोण आणि भाग मिळेल कुठे. उत्तर जिल्ह्यातल्या एखाद्या माणसाचं नाव असेल तर चार पैसे जास्त मोजून घ्या. उत्तरच नसेल तर ते स्वस्त सामानही महागच आहे.